सातवाहनांच्या मांडवात झेंडू

सातवाहनांच्या काळात नाशकात झेंडू नव्हता, ही बातमी मखमलाबादच्या विधात्यांच्या मळ्यात लग्नाच्या आठ दिवस आधी पोचली. तोवर विहिरीकडच्या तुकड्यात दहा गुंठे झेंडू फुलावर आला होता. तोही ऐन वैशाखात, आणि तोही एका मुलीच्या लग्नाची तारीख धरून लावलेला. पुंजाराम आबांनी फाल्गुनात रोपं लावली, विसाव्या दिवशी शेंडे खुडले, उन्हाचा चटका वाढला तसं वर हिरव्या जाळीचं कापड ताणलं, आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी रोज सकाळी गुडघ्याला तेल चोळून ते त्या सऱ्यांमधून फिरले. फूल चार दिवस आधी उमललं तर वाया आणि चार दिवस उशिरा उमललं तरी वाया. हा हिशोब आख्ख्या पंचक्रोशीत एकट्या आबांनाच जमायचा.

"झेंडू चालायचा नाही, आबा," नात दिशा फोनवर म्हणाली.

"का? नवरदेवाला खाज सुटती का?"

"तसं नाही हो. झेंडू आपल्याकडे पोर्तुगीज लोकांनी आणला. पाचशेच वर्षं झाली त्याला. आणि आपलं लग्न तर दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे ना."

आबांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग तो बंद केला आणि बायकोला, नवसाबाईंना, म्हणाले, "पोरगी बरळाया लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून टाक तिच्यावरून."

पोरगी बरळत नव्हती. हा सगळा नाद नवरदेवाचा. जीवन कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि रविवारी लोकांना पांडवलेण्यांवर नेऊन दगडातली अक्षरं वाचून दाखवायचा. अशाच एका रविवारी दिशा त्या घोळक्यात जाऊन उभी राहिली, आणि त्यानंतरचं रामायण घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. आता त्याला लग्न हवं होतं ते सातवाहन राजांच्या थाटाचं. त्यासाठी त्यानं शहरातलं एक एसी नाट्यगृह दुपारपर्यंत घेतलं होतं. रंगमंचावर लेण्याचा देखावा, बारा खांब, सिंहासन, आणि समोर खुर्च्यांत आठशे पाहुणे.

घरच्या प्रत्येकाला भूमिका होती. दिशाचे वडील समाधान म्हणजे अमात्य, आई शुभांगी अमात्यांची पत्नी, आबांची सायखेड्याला दिलेली बहीण भागुबाई 'ज्येष्ठ दासी', आणि खुद्द आबा 'मालाकार', म्हणजे राजाचे हार करणारा. हार मात्र त्यांचे नव्हेत. मालाकारानं ताटात कमळांच्या दोन माळा घेऊन यायचं, वाकायचं, आणि निघून जायचं.

जेवणातही तीच तऱ्हा. मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही, शेंगदाणा नाही. सगळे समुद्रापलीकडून आलेले! तिखटाला मिरी, आंबटाला चिंच. कांदा मात्र चालत होता. कांदा म्हणे पुरातन. जीवनचे वडील विंचूरला कांद्याचे व्यापारी.

"बापाचा कांदा बरा पुरातन निघाला!" आबा म्हणाले. "माझाच झेंडू तेवढा काल आला."

घरात कोण कुठल्या बाजूला, हे त्या आठ दिवसांत पार उलटंपालटं झालं. शुभांगी म्हणजे तीस वर्षं आबांची वकील. समाधाननं मळ्यात जरबेरासाठी पॉलिहाऊस घालायचं काढलं तेव्हा नवऱ्याशी चार दिवस अबोला धरून सासऱ्याच्या बाजूनं उभी राहिलेली. तीच आता म्हणाली, "आबा, जावयाचं मन मोडू नका. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." आणि पॉलिहाऊसपासून बापाशी धड न बोलणारा समाधान एका संध्याकाळी सरीच्या टोकाशी येऊन उभा राहिला, फुलांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "लय भारी आलाय हो यंदा." एवढंच बोलला, पण आबांना ते पुरलं.

कारण प्रश्न दहा गुंठ्यांचा नव्हता. मांडवाला झेंडू नको, खांबांना नको, गाडीला नको, इथवर आबांनी मनाची समजूत घातली असती. प्रश्न वरमाळेचा होता. विधात्यांच्या लेकीच्या गळ्यातली माळ विधात्यांच्या मळ्यातली आणि विधात्यांच्याच हातची, हे आबांच्या आज्यापासून चालत आलेलं. भागुबाईची माळ निवृत्तीबाबांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी ओवली, आबांच्या दोघी मुलींची आबांनी. आता एकुलती एक नात निघाली होती. तिच्या गळ्यात परक्याच्या हातची कमळं पडणार आणि आपण ती ताटात घेऊन वाकणार, ह्या विचारानं म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दिशाच्या गळ्यात माझी माळ पडली नाही तर मी ह्या घरात कोण, असं त्यांना अगदी उघड उघड वाटत होतं.

तेव्हा त्यांनी सायखेड्याला फोन लावला.

"भागू, लग्नाच्या आदल्या दिवशीच ये. काम हाय."

"मला दासी केलंय म्हणं!" भागुबाई तिकडून कडाडल्या. "पंचाहत्तरीत दासी! घरी चार सुना हायेत मला."

"मग ये तर. सूड उगवू."

लग्नाच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला ओट्यावर माळा ओवायला घेतल्या. आबा आणि भागुबाई समोरासमोर बसले, नवसाबाई टोपलीतून फुलं पुरवत राहिल्या, आणि सात वाजेपर्यंत पाच-पाच हातांच्या दोन केशरी माळा तयार. त्या नाट्यगृहात न्यायच्या कशा, ह्याचा बेत आबांनी आठवडाभर घोळवला होता. माळा ओल्या धडप्यात घालायच्या, वरून केळीचं पान, आणि ते सगळं पोटाला गुंडाळून वर बंडी. त्यावर जीवननं पाठवलेलं उत्तरीय पांघरलं की सातवाहन सैन्याच्या बापालासुद्धा पत्ता लागायचा नाही.

"फुलं चेंबतील," नवसाबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं," आबा म्हणाले आणि पोट आत ओढून उभे राहिले. नवसाबाईंनी केळीचं पान सुतळीनं आवळलं.

*

नाट्यगृहाच्या दारात साक्षी नावाची मुलगी हातात यादी घेऊन उभी होती. सगळ्या समारंभाची व्यवस्था तिच्याकडे होती आणि गेल्या दोन हजार वर्षांत आलेली कुठलीही वस्तू रंगमंचावर जाऊ न देण्याची जबाबदारीही तिचीच. टेबलावर घड्याळांचा आणि मोबाइलांचा ढीग लागला होता. विंचूरच्या एका जाड्या व्यापाऱ्याची सोनसाखळी चालेल की नाही, ह्यावर तिचा फोनवर जीवनशी वाद चालला होता.

"आजी, हा डबा?"

"ठेचा हाय," भागुबाई म्हणाल्या.

"मिरचीचा?"

"मग काय गुलकंदाचा?"

"मिरची चालणार नाही, आजी. आणि ह्यात शेंगदाणेपण दिसतायत."

"अगं बाई, मी काय राजाच्या तोंडात घालणार हाय का? माझ्या तोंडाला हाय तो!"

डबा जमा झाला. भागुबाईंनी साक्षीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि ती चालू असताना आबा हळूच आत सटकले. ताठ चालत, श्वास रोखून. आत गेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की बेतात एक चूक राहिली होती. धडपं जरा जास्तच ओलं झालं होतं. केळीच्या पानाच्या खालच्या कडेनं पाणी झिरपत धोतरात उतरत होतं, आणि चकचकीत फरशीवर आबांच्या मागे थेंबांची रांग लागली होती.

नेमका समोरून नवरदेव आला. डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, उघड्या छातीवर मोत्यांचे सर, कमरेला रेशमी वस्त्र, आणि एसीमुळे अंगावर काटा. पोरगा मनाचा चांगला होता, ते आबांनाही मान्य होतं. त्यानं थेंब बघितले, आबांचं धोतर बघितलं, आणि आवाज खाली आणून मागून आलेल्या साक्षीला म्हणाला, "आजोबांना आधी बाथरूम दाखव. गर्दीत कुणी काही विचारू नका त्यांना."

आबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ब्याऐंशी वर्षं ताठ मानेनं काढली, आणि आज नातजावई आपल्याला असा सांभाळून घेतो! पण खरं सांगावं तर माळा जातात. आबांनी मान खाली घातली आणि बाथरूमकडे गेले. झेंडूसाठी एवढंही सोसलं.

रंगपटात वेगळाच गोंधळ होता. सातवाहनांचे कपडे शिवलेले नसतात, नुसते गुंडाळलेले असतात, आणि विधात्यांच्या घरात कुणालाच ते गुंडाळून सवय नव्हती. कुणाचं उत्तरीय सुटत होतं, कुणाचं वस्त्र घसरत होतं. नवसाबाईंनी भूमिका नको म्हणून सांगितलं होतं, पण सकाळपासून सुई-दोरा घेऊन त्याच सगळ्यांना जागोजाग टाके घालत होत्या. समाधान अमात्य तर व्याह्यांच्या वऱ्हाडासमोर कमरेचं धरूनच बसले होते.

तेवढ्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक भिकनराव डोकावले. पस्तीस वर्षं नाटकांत गेलेला माणूस. हॉल लग्नाला दिला हे त्यांच्या अजून डोक्यात शिरलेलं नव्हतं.

"मुहूर्त किती वाजता?"

"बारा पस्तीस," जीवन म्हणाला.

"मग तिसरी घंटा बारा वीसला. पडदा उघडणार. इथं घंटा कुणासाठी थांबत नाही. तुमचा प्रयोग किती अंकी आहे?"

"एकच," जीवन म्हणाला. "लग्न आहे हो."

"एकांकिका," भिकनरावांनी वहीत लिहिलं. "मध्यंतर नाही."

पहिली घंटा झाली. साक्षीनं आबांच्या डोक्याला फेटा बांधला आणि एक ताट त्यांच्या हाती दिलं. ताटात कमळांच्या दोन माळा होत्या, गुलाबी, टपोऱ्या, बर्फातून काढलेल्या.

"आजोबा, हे आत्ता सिंहासनावर ठेवून या. मंगलाष्टकं संपली की उचलायचं."

आबांनी माळेवरून बोट फिरवलं. गाठ कच्ची होती आणि पाकळ्या दुमडताना कुणीतरी नख लावलं होतं. अशी माळ विधात्यांनी मंडईतसुद्धा टांगली नसती. त्यांनी ताट सिंहासनाच्या गादीवर नेऊन ठेवलं आणि विंगेत भागुबाईंना खूण केली.

"सोड आता. पटकन. ह्या माळा ताटात गेल्या पाहिजेत, आणि ती कमळं तुझ्या लुगड्यात."

भागुबाईंनी बंडी वर केली, सुतळी तोडली, पान आणि धडपं फेकलं आणि झेंडूचं टोक ओढलं. दोन्ही माळा एकमेकींत गुंतलेल्या, सुटेनात. आबांनी आठवडाभर गुंडाळण्याचा विचार केला होता. सोडण्याचा कुणीच केला नव्हता.

"दादा, गोल फिर!"

आबा फिरले. एक वेढा सुटला.

"अजून फिर!"

दुसरी घंटा झाली. भागुबाई ओढत राहिल्या आणि आबा फिरत राहिले. दुसरा वेढा, तिसरा, चौथा. वेढे सुटत गेले तसा आबांना वेग येत गेला. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस एवढं गरगर फिरत नसतो. पाचव्या वेढ्याला त्यांना दोन भागुबाई दिसायला लागल्या, सहाव्याला एकही दिसेना. पाय आपोआप पुढं गेले, विंग मागं राहिली, आणि माळेच्या टोकाला बांधलेल्यासारखे आबा फिरत फिरत थेट रंगमंचाच्या मध्यावर पोचले. माळा ताणल्या. दोन्हींचे दोरे तुटले. शेकडो केशरी फुलं बारा खांबांच्या मधून गडगडत गेली, आणि आबा जे मागं कोसळले ते सिंहासनावर.

खाली काहीतरी थंड आणि मऊ पिचकलं.

खांब तपासायला आलेला जीवन धावत आला. "आजोबा! लागलं का कुठं?" मग त्याला आबांच्या मांडीखालून बाहेर आलेली गुलाबी पाकळी दिसली. "आजोबा... तुम्ही कमळांवर बसलात?"

तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला.

आठशे माणसांना दिसलं ते असं: मोडलेल्या कमळांवर मालाकार बसलेला, फेटा कानावर, बंडी छातीपर्यंत वर. सगळ्या दरबारभर झेंडू. एका विंगेतून ज्येष्ठ दासी हातात तुटका दोरा घेऊन डोकावतेय, दुसऱ्या विंगेत अमात्य कमरेचं धरून उभे. मधोमध उघडाबंब राजा दोन्ही हात डोक्याला लावून. मग बाल्कनीतून कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय एंट्री हाय!" मागून आवाज आला.

"पडदा पाडा," जीवन विंगेकडे बघत दातांतल्या दातांत म्हणाला.

"एकदा उघडलेला पडदा अंक संपल्याशिवाय पडत नाही," भिकनराव आतून म्हणाले. "चालू ठेवा. छान जमलंय."

जीवननं सिंहासनाकडे तोंड वळवलं. "आजोबा, हे पोटाला बांधून आणलंत तुम्ही?"

"मग डोक्यावर आणू देत होतास का?"

पुढच्या रांगा खदखदून हसल्या. जीवनचा चेहरा पडला. "मी चार दिवस हिंडून ही कमळं मिळवली होती. माळा मी स्वतः ओवल्या. तुमच्या घरात माळ घरच्याच हातची असते, दिशानं सांगितलं होतं मला. म्हणून शिकलो."

ती कच्ची गाठ ह्याची होती तर! आबांनी मांडीखालची पाकळी हळूच बाहेर काढली. पण आता माघार घ्यावी तर आठशे माणसं बघत होती.

"बारा चोवीस," भटजी एका खांबामागून म्हणाले.

"मग ह्याच फुलांच्या नव्या ओवू," आबा उठत म्हणाले. "दहा मिनिटांचं काम हाय."

"झेंडू नाही," जीवन म्हणाला. हट्ट त्याच्याही रक्तात होता. "माळांशिवाय लावू लग्न, पण झेंडू नाही. एक सूट दिली की सगळंच खोटं ठरतं, आजोबा. तो बाहेरून आलाय."

आता मात्र आबांचं डोकं फिरलं. त्यांनी फेटा काढून सिंहासनावर आपटला.

"कधी आला रे बाहेरून?"

"पाचशे वर्षं झाली."

"पाचशे वर्षं! ह्याच मातीत उगवला, गोदावरीचं पाणी प्याला. दसऱ्याला तुमच्या दाराला हाच, देवाच्या डोक्यावर हाच, मढ्याच्या अंगावर हाच. पाचशे वर्षं राबला न् अजून बाहेरचाच? आरं, आपलं म्हणायला किती वर्षं लागत्यात तुम्हाला?"

नाट्यगृह हादरलं. मखमलाबादची माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. बाल्कनीतून आरोळी आली, "वन्स मोअर!" मग सगळीकडून, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

आबांनी आयुष्यात नाटकात काम केलं नव्हतं. पण वन्स मोअर मिळाल्यावर माणसाला काय होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते दोन पावलं पुढं आले, बंडी नीट केली, एक फूल उचलून उजव्या हातात उंच धरलं, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणाले. ह्या खेपेला जास्त सावकाश. "आपलं म्हणायला," इथं तर चांगले थांबलेसुद्धा. "किती वर्षं लागत्यात तुम्हाला?"

टाळ्या थांबेचनात. आबा लाल होऊन उभे राहिले. आजवर कधी नव्हतं एवढं त्यांना बरं वाटत होतं.

"खरं बोललात," विंगेतून आवाज आला.

नवसाबाई बाहेर आल्या. नऊवारी नेसलेल्या, हातात सुई-दोरा. त्यांना पुढचे दिवे डोळ्यांवर येत होते, म्हणून कपाळावर हात आडवा धरला.

"लय खरं बोललात. आता मलाबी एक सांगा. मी नांदगावहून ह्या घरात आले त्याला बासष्ट वर्षं झाली. मळ्यातली झाडं मी लावली. फुलं मी तोडली. माझ्या पोटच्या दोन लेकी ह्या घरातनं गेल्या, पण एकीच्याबी माळेत मला सुई घालू दिली नाय. का? तर नांदगावकरीण. विधात्यांच्या हातची पाहिजे माळ, बाहेरचीच्या नको. मी आपली शेजारी बसून फुलं पुरवते. आज पहाटंबी पुरवली." त्या भागुबाईंकडे वळल्या. "वन्सं सायखेड्याला नांदायला गेल्या त्याला साठ वर्षं झाली. त्यांची पोरं तिकडली, सुना तिकडल्या. तरी त्यांना बोलवून आणलं माळ ओवायला. त्या घरच्या. मी इथंच हाय, मी बाहेरची. तर आपलं म्हणायला किती वर्षं लागत्यात तुम्हाला?"

भागुबाईंनी हातातला तुटका दोरा हळूच पदराखाली घेतला. मग बायकांच्या बाजूनं एक बारीक आवाज आला, "वन्स मोअर."

"मी दुसऱ्यांदा सांगायची नाय," नवसाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दिशा आली. तिनं मंगलाष्टकांनंतर यायचं होतं, मामाच्या मागून, पडद्याआडून. ती सरळ चालत आली, केसांतलं मोत्यांचं जाळं सांभाळत. आजीच्या शेजारी उभी राहिली आणि जीवनला म्हणाली, "माझी किती वर्षं धरली आहेत तुमच्या घरी? आत्ताच सांग. विंचूरला मी कितव्या वर्षी घरची होणार?"

जीवन इतिहासाचा माणूस, त्याला तारखेशिवाय उत्तर द्यायची सवय नव्हती. ह्या प्रश्नाला त्याच्याकडे तारीख नव्हती. त्यानं मुकुट काढला, पायाशी ठेवला, आणि राजवस्त्राचा ओचा करून गुडघ्यांवर बसून फुलं गोळा करायला लागला. विंगेतून समाधानही आला आणि एका हातानं कमरेचं धरून दुसऱ्या हातानं वेचू लागला. शुभांगीनं चेंबलेली बाजूला काढली, चांगली निवडली.

"झेंडू चालेल," जीवन खालूनच म्हणाला. "ओवा."

आबांची छाती भरून आली. जिंकले! दहा गुंठे सार्थकी लागले. दिशाच्या गळ्यात विधात्यांचा झेंडू पडणार. ते घाईघाईनं मांडी घालून बसले, धोतराला हात पुसले आणि नवसाबाईंपुढं तळहात पसरला.

"आण ती सुई. वेळ जातोय."

नवसाबाईंनी सुई दिली नाही.

सुई बोटांत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आबांचा हात तसाच पसरलेला. त्यांना निवृत्तीबाबा आठवले, आजा आठवला, आणि घराण्याच्या नावाचा तो सगळा ताठा एकदम वर आला. आज्यानं घातलेली रीत आठशे माणसांदेखत मोडायची? आणि लगेच दुसरं काही वर आलं, ते जास्त वाईट होतं. आपल्या दोन्ही मुलींच्या लग्नाच्या सकाळी ही शेजारी बसली होती, टोपली घेऊन. तेव्हा हिचा चेहरा कसा होता? आबांनी खूप आठवून बघितलं. ते आठवेना. ते माळेकडे बघत होते. फुलं येत होती, ती घेत होते. देणारीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

त्यांना लाज वाटली. ब्याऐंशी वर्षांत एवढी वाटली नव्हती.

"बारा अठ्ठावीस," भटजी म्हणाले.

आबांनी हात मागं घेतला. जागेवरून सरकले आणि सिंहासनापुढच्या सतरंजीची चांगली बाजू मोकळी करून दिली.

"बस," ते म्हणाले. सतरंजीवरचा चेंबलेला झेंडू हातानं झाडला आणि पुन्हा म्हणाले, "बस तू. ओव."

नवसाबाई बसल्या. दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, सुईत ओवलं, शेवटाला गाठ मारली. गाठ विधात्यांची होती, निवृत्तीबाबा मारायचे तशी, दोन पिळांची. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. जीवन वाकून बघत राहिला.

आबांनी ओच्यातलं एक फूल उचलून त्यांच्या हातात दिलं. मग दुसरं. मग तिसरं. सुई भराभर चालायला लागली. पुढच्या रांगेत कुणीतरी मुसमुसत होतं.

पाचव्या फुलाला सुई थांबली. नवसाबाईंनी ते फूल उलटं करून बघितलं आणि परत दिलं.

"देठ लांब ठेवलाय," त्या म्हणाल्या. "नीट खुडून द्या."

झेंडूच्या बाबतीत आजवर आबांना कुणी एक शब्द सुनावला नव्हता. त्यांनी नखानं देठ बुडाशी खुडून फूल परत दिलं.

"आता बघ बरं," ते म्हणाले.